पुलावरची पिवळी गाडी
(वाचकांचे प्रश्न : रूळ आणि रेल्वे)

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मुलीला आणायला रात्री उशिरा सुपर कॉरिडॉरवरून गेले होते. मेट्रो केव्हाच बंद झालेली, पण वर पुलावर एक ठेंगणी पिवळी गाडी माणूस चालेल त्या वेगानं सरकत होती. मागे सपाट डबा, त्यावर हेल्मेट घातलेली चार-पाच माणसं. इंजिनाचा आवाज चक्क डिझेलचा. मेट्रो विजेवर चालते ना? आणि 2025 मध्ये सुरू झालेल्या मार्गाला एवढ्यात दुरुस्ती कसली लागते?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, ती देखभालीची गाडी. तिला स्वतःचं इंजिन लागतं, कारण ती कामाला निघते तेव्हा मार्गावरची वीज बंद केलेली असते.

आपल्या इंदूरच्या मेट्रोला डोक्यावर तार नाही. दोन रुळांच्या शेजारून तिसरा रूळ जातो, त्यात 750 व्होल्टची डीसी वीज असते आणि गाडीच्या कडेचा 'शू' त्याला घासत वीज घेतो. पुणे आणि नागपूरच्या मेट्रोला वर 25 हजार व्होल्टची तार आहे. तिथे तारेपर्यंत हात पोचायला छतावर मचाण असलेली गाडी लागते, आम्ही रेल्वेत तिला टॉवर वॅगन म्हणायचो. इथे ती लागत नाही, पण इथला धोका घोट्यापाशी असतो. म्हणून एकही माणूस रुळात उतरण्याआधी ब्लॉक, म्हणजे मार्ग बंद ठेवून काम करायची परवानगी, घ्यावा लागतो. कंट्रोलकडून वीज बंद करून घ्यायची, ती खरंच गेली आहे का हे यंत्र लावून तपासायचं, मग तिसरा रूळ आणि चाकांखालचा चालता रूळ जाड केबलनं एकमेकांना जोडून टाकायचे. चुकून कुणी वीज सोडलीच, तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या केबलमधून जावी आणि ब्रेकर पडावा, यासाठी ही काळजी. केबल लागल्याशिवाय मी माझ्या माणसांना खाली उतरू दिलं नसतं, मग वरून कितीही घाई असो.

त्या सपाट डब्याचं काम समजायला रुळाचं वजन लक्षात घ्या. मेट्रोला 60 किलोचा रूळ वापरतात, म्हणजे मीटरला 60 किलो. 13 मीटरचा एक नग 780 किलोचा झाला. रतलाम मंडळात आम्ही खाली गिट्टीवर काम करायचो, तेव्हा गँगची माणसं चिमट्यांनी रूळ उचलून बाजूला ठेवू शकायची. पुलावर बाजू कुठे आहे? कडेला चालण्याची अरुंद वाट, तिच्यापलीकडे रस्ता खाली. प्रत्येक जड वस्तू रुळावरूनच न्यायची आणि रुळावरूनच परत आणायची.

शिवाय आपल्या रेल्वेची यंत्रं तिथे चालत नाहीत. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. रेल्वेचा ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, मेट्रोचा 1435. मेट्रोच्या मापाच्या गाड्या ट्रेलरवरून आणून डेपोत रुळावर चढवाव्या लागतात, तिथून त्या रॅम्पनं पुलावर जातात. आपला डेपो गांधीनगरला आहे. (तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्ज देऊन खांडव्याचा मार्ग आणला, तो मीटरगेजचा. मग ब्रॉडगेज आला. म्हणजे हा इंदुरातला तिसरा गेज. मला याचं फार अप्रूप आहे.)

आता नव्या मार्गाची दुरुस्ती. नव्यावर तर जास्तच लक्ष लागतं. पुलावर गिट्टी नसते, रूळ काँक्रीटच्या पट्ट्यांवर रबरी पॅड ठेवून क्लिपांनी आवळलेले असतात. काँक्रीटचे गर्डर पहिली काही वर्षं अगदी थोडे थोडे आकसत राहतात. आणि आपलं ऊन! एक किलोमीटर पोलाद 40 अंशांनी तापलं, तर मोकळं सोडल्यास 46 सेंटिमीटर वाढेल. वेल्डिंगनं सलग जोडलेल्या रुळाला ती मोकळीक नसते, क्लिपा त्याला धरून ठेवतात, आणि खालचा गर्डर आपल्या परीनं वेगळा हलत असतो. म्हणून क्लिप, पॅड आणि वेल्ड पुन्हा पुन्हा पाहायचे. पॅड घाणीनं माखले की वीज परतीच्या वाटेवर रुळातून काँक्रीटमध्ये पाझरते आणि आतलं लोखंड गंजवते, म्हणून त्यांची सफाईसुद्धा किरकोळ समजायची नाही.

प्रश्न : मी रामबागेतला, सध्या नोकरीसाठी पुण्यात. कधी कधी मेट्रो वळणावर एकदम गुरगुरते आणि पुढे आपोआप शांत होते. चाकं खराब असतात का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दर गाडी त्याच जागी गुरगुरत असेल, तर दोष बहुधा रुळाचा. वळणावर चाकं थोडी घसरत जातात आणि रुळाच्या माथ्यावर बारीक लाटा उमटतात, काही सेंटिमीटरच्या अंतरानं. डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. टॉर्च रुळालगत आडवी धरली, की चकाकी आणि सावली आळीपाळीनं दिसते. बोट फिरवलं तर कळतंच. (हे काम आमच्यासारख्यांचं, तुम्ही प्लॅटफॉर्मवरच थांबा.) उपाय म्हणजे ग्राइंडिंगची गाडी. तिच्या पोटाशी फिरते दगड असतात, ते माथ्यावरून मिलिमीटरचा काही दशांश भाग खरवडून काढतात. ठिणग्यांचा झोत उडतो, म्हणून सोबत पाणी ठेवतात.

प्रश्न : पुढे मेट्रो गावात आली, की ती रात्रभर का चालवू नये? सराफ्यात रात्री दोनला खाऊन परतणाऱ्यांची सोय होईल. परदेशात चालते म्हणे.
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : चालते. न्यूयॉर्कची सबवे अहोरात्र चालते, पण तिथे बऱ्याच मार्गांवर चार-चार रूळमार्ग आहेत. दोन बंद करून दुरुस्ती केली, तरी उरलेल्या दोनवर गाड्या जातात. शिकागोच्या उन्नत रेल्वेच्या रेड आणि ब्लू या दोन लाइनीही रात्रभर सुरू असतात. ते रस्त्यावरच्या लोखंडी पुलांवरचं जाळं 1892 पासूनचं आहे, आणि तिथे एका मार्गावरून दोन्हीकडच्या गाड्या सोडून दुसऱ्यावर काम करतात. म्हणजे गाड्या कमी, थांबणं जास्त. आपल्याकडे एक जाणारा आणि एक येणारा, एवढेच मार्ग.

रात्रीच्या त्या तासांचा हिशेब मांडून पाहा. शेवटची गाडी डेपोत गेली, की ब्लॉक. वीज बंद करणं आणि केबल लावणं यात वेळ जातो. कामाची गाडी हळू चालत जागेवर पोचायला आणखी वेळ. पहाटे हेच सगळं उलट्या क्रमानं. मधे जे उरतं, त्यात काम.

या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती अल्ट्रासोनिक तपासणी. हातानं ढकलायची छोटी ट्रॉली असते. रुळाच्या माथ्यावर पाण्याची बारीक धार सोडत जायचं, त्या पाण्यातून ध्वनिलहरी पोलादात उतरतात आणि आत भेग असेल तर तिथून परत फिरतात. पडद्यावर एक टोक उठतं. माणूस थांबतो, ट्रॉली मागे घेतो, पुन्हा त्याच जागेवरून नेतो. पुन्हा टोक उठलं, तर रुळावर खूण करतो. वरून तो रूळ आरशासारखा गुळगुळीत असतो. मी त्या ट्रॉलीमागे चाललेलो आहे, आणि सांगतो, अशा माणसाला घाई करायला लावणं म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळणं.

काम संपल्यावर हत्यारांची मोजणी होते. वर नेताना जेवढे पाने, हातोडे आणि टॉर्च लिहिले, तेवढे खाली आल्याशिवाय ब्लॉक परत द्यायचा नाही. एक पाना कमी भरला तर सगळे पुन्हा शोधायला जातात, तोवर वीज सोडत नाहीत. त्यानंतरही बऱ्याच मेट्रोंत पहाटे प्रवाशांच्या आधी एक रिकामी गाडी मार्ग पाहून येते.

सराफ्याच्या खवय्यांसाठी रात्रीची बस मागा, त्या मागणीच्या अर्जावर मीही सही करीन. मेट्रोचे रात्रीचे तास मात्र मागू नका.