चार्जर काढला की वाय-फाय तुटतं

प्रश्न : गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी आमचा राउटर छोट्या यूपीएसवर चालू असतो. मोबाइलवर नेट नीट चालतं, लॅपटॉपवर मात्र सारखी मीटिंग तुटते. चार्जर लावला की सगळं सुरळीत. विंडोज ११ आहे. वाय-फाय कार्ड बदलायला हवं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : इतक्यात नको. नवं कार्डही त्याच सेटिंगखाली चालणार. मोबाइल चालतोय, म्हणजे राउटर आणि लाइन ठीक आहे. संशय बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगवर.

बॅटरीवर असताना कार्ड मधूनमधून डुलकी घेतं. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन (‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश) पाठवतो, त्यात ‘तुमचा डेटा राखून ठेवलाय’ अशी खूण असते आणि ती ऐकायला कार्ड जागं होतं. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि राउटरचं इथे जमलं नाही की पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, उशिरा येतात किंवा गळतात. वेबपेज उघडताना हे जाणवत नाही, बोलताना लगेच जाणवतं.

आधी खात्री करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’, मग राउटरचा पत्ता (बऱ्याच घरी १९२.१६८.१.१) आणि शेवटी ‘-टी’ असं इंग्रजीत टाइप करा. चार्जर लावलेला असताना आकडे दोन-पाच मिलिसेकंदांचे असतील. आता राउटरजवळच बसून चार्जर काढा. आकडे शंभर-दोनशेवर उडाले किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसू लागलं, तर चोर सापडला.

कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनसमोरच्या ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’वर, मग ‘चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’वर जा. ‘वायरलेस ॲडॅप्टर सेटिंग्ज’खाली ‘ऑन बॅटरी’ला ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ निवडा. पुष्कळजण फक्त ‘प्लग्ड इन’ बदलतात आणि फरक पडला नाही म्हणतात! मग डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडॅप्टर्स, तुमचं वाय-फाय कार्ड, प्रॉपर्टीज. ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधल्या ‘अलाऊ द कॉम्प्युटर टु टर्न ऑफ धिस डिव्हाइस टु सेव्ह पॉवर’ची टिक काढा आणि लॅपटॉप रिस्टार्ट करा.

मॉडर्न स्टँडबायच्या (मोबाइलसारखी हलकी झोप घेणाऱ्या) नव्या लॅपटॉपवर हे पर्याय अनेकदा दिसतच नाहीत. तिथे लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा वाय-फाय ड्रायव्हर टाका. कार्ड इंटेलचं असेल तर प्रॉपर्टीजच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘मायमो पॉवर सेव्ह मोड’ला (कार्डाच्या अनेक अँटेनांची वीजबचत) ‘नो एसएमपीएस’ द्या, म्हणजे ही बचत बंद. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण मीटिंगपुरतं ते परवडतं. ड्रायव्हर अपडेट झाला की ही सेटिंग्ज मूळपदावर येऊ शकतात, तेव्हा पुन्हा एकदा बघा.

प्रश्न : विंडोजऐवजी उबंटू (लिनक्स) आहे. त्यावर वाय-फायची ही वीजबचत कुठे बदलायची?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : ‘ईटीसी’मधल्या ‘नेटवर्कमॅनेजर’च्या ‘कॉन्फ.डी’ फोल्डरात ‘डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ ही फाइल असते. सुडोने (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) उघडून ‘वायफाय.पॉवरसेव्ह’समोरच्या ३ चे २ करा (२ म्हणजे बंद, ० नव्हे) आणि नेटवर्कमॅनेजर रिस्टार्ट करा.