पोटातल्या जिवाणूला वाट कशी कळते?

प्रश्न : जठर, आतडं अशा वेगवेगळ्या जागी जिवाणू रसायनं कशी ओळखतात? ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू मऊ अगारमध्ये पसरताना बनवतो ती वलयं बघायचा आमचा प्रयोग एप्रिलमध्ये तीनदा फसला. कुठं चुकत असेल? (बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : ई. कोलाय जेमतेम 2 मायक्रोमीटर लांब. एवढ्याशा अंगाच्या दोन टोकांशी असलेल्या रसायनाच्या प्रमाणातला फरक त्याला फारसा उपयोगाचा नसतो. म्हणून तो क्षणाशी क्षण ताडून बघतो : तीन-चार सेकंदांपूर्वीपेक्षा आता सेरीन (एक अमिनो आम्ल) जास्त आहे का? वाढत असेल तर सरळ धाव लांबते. घटत असेल तर कशाभिका (पोहायच्या शेपट्या) फिरवणाऱ्या मोटरी उलट्या फिरतात, कशाभिकांची जुडी सुटते, जिवाणू गिरकी घेतो आणि भलत्याच दिशेला निघतो. एरवी साधारण सेकंदभर धाव, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी गिरकी.

हे ओळखतात ती टोकाशी दाटीनं बसलेली ग्राही प्रथिनं. सेरीन पकडतं टीएसआर, दुसरं अमिनो आम्ल अ‍ॅस्पार्टेट पकडतं टार. रेणू अडकला की आतलं ची-ए हे प्रथिन थंडावतं, मोटरीला निरोप देणाऱ्या ची-वाय या प्रथिनावर फॉस्फेट कमी चढतो, गिरक्या कमी होतात. इतकी नेटकी यंत्रणा अन् तीही एका पेशीत!

अवयव बदलला की ग्राही बदलतात. जठराच्या पोकळीत पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 1 ते 2, पण अस्तराला लागून असलेल्या श्लेष्म्यात (चिकट थरात) तो 7 च्या जवळ. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आम्लापासून पळतो आणि युरियाकडे ओढला जातो, त्यासाठी त्याच्याकडे टीएलपी-बी हे ग्राही प्रथिन आहे. पोहता येतं पण दिशा कळत नाही, असे त्याचे उत्परिवर्तित (जनुक बदललेले) प्रकार जठरात नीट वस्ती करू शकत नाहीत.

आता तुमचा प्रयोग. पहिला संशय उन्हाळ्यावर. 42 अंशाला ई. कोलाय कशाभिका बनवणंच जवळपास थांबवतो, 37 लाही कमी बनवतो. लातूरच्या एप्रिलमध्ये बंद खोलीतली प्लेट तापतेच, म्हणून 30 अंशांचा इन्क्युबेटर हवाच. दुसरी चूक अगारची (माध्यम घट्ट करणाऱ्या पदार्थाची). नेहमीच्या 1.5 टक्क्यात जिवाणू पोहूच शकत नाही. 100 मिलिलिटर पाण्याला ट्रिप्टोन (पचवलेल्या प्रथिनांचं खाद्य) 1 ग्रॅम, मीठ 0.5 ग्रॅम, अगार 0.25 ते 0.3 ग्रॅम घ्या. ग्लुकोज घालू नका, त्यानं कशाभिकांची जनुकं दबतात.

प्लेट सपाट जागी तासभर जमू द्या. 30 अंशांवर वाढवलेल्या ताज्या कल्चरचे 2 मायक्रोलिटर मधोमध अलगद टोचा. व्होर्टेक्सवर (नळी घुसळायच्या यंत्रावर) जोरात घुसळू नका, कशाभिका तुटतात. प्लेट पालथी करू नका, मऊ अगार घसरतो. 8 ते 10 तासांनी बघा : बाहेरचं वलय सेरीनमागे धावणाऱ्यांचं, आतलं अ‍ॅस्पार्टेटचं. शेजारी चलनहीन प्रकाराची प्लेट ठेवा. तिथं मधोमध फक्त ठिपका राहील. स्ट्रेन के-12 (प्रयोगशाळेतला निरुपद्रवी प्रकार) चाच घ्या, शौचाच्या नमुन्यातला नको, आणि शेवटी प्लेटा 121 अंशांवर 20 मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक) करून मगच टाका.