पहिल्यांदा ॲपल पाय करतेस तर हे वाच

अगं घाबरू नको की, आमच्या घरात दर गणपतीनंतर पाय होतो कारण तेव्हा हिमाचलची सफरचंदं बेळगावच्या गणपत गल्लीत बऱ्यापैकी स्वस्त मिळतात, आणि पहिल्या वर्षी माझा पाय म्हणजे खाली नुसता लगदा झालावता. चूक काय तर बटर मऊ घेतलं. २५० ग्रॅम मैद्याला १२५ ग्रॅम बटर घे, फ्रीजमधलं एकदम गार, बोटांच्या टोकांनीच भराभर चोळ, तळहात लावू नको, मग बर्फाचं पाणी तीन-चार चमचे, चपातीसारखं मळत बसायचं नाही बघ, आपल्याला सवय असते ना. बटरचे बारीक तुकडे दिसले पाहिजेत, ते ओव्हनात वितळतात अन् त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. गोळा अर्धा तास फ्रीजात. सफरचंद गोडच असतील तर लिंबू पीळ, दालचिनी, साखर आणि चमचाभर कॉर्नफ्लोर विसरू नको, रस तोच धरतो. गोळ्याच्या दोन पोळ्या लाट, एक भांड्यात पसरून त्यात हे सफरचंदाचं सारण भर, दुसरी वर झाकून तिला चिरा पाड. २०० डिग्रीला पाऊण तास तरी, रंग बघून काढ. आणि दोन तास कापायचा नाही, पोरं कितीबी ओरडूदेत! आमच्यात चिरा पाडायचा मान धाकट्याचा, वाकड्या पाडतोय, पाडूदे.