खलनायकाचा रुबाब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही काही मित्र सुटीच्या दिवशी टेबलावर मिनिएचर (योद्ध्यांच्या छोट्या रंगवलेल्या मूर्ती) मांडून युद्धाचे खेळ खेळतो. माझ्याकडे दुष्ट पक्षाची फौज आहे : बंडखोर चिलखतधारी सैनिक, त्यांचा सरदार आणि थोडे राक्षस. सर्वांना काळा रंग दिला, शस्त्रांवर रक्त लावले, बेसवर (मूर्तीच्या पायाखालच्या चकतीवर) कवट्या चिकटवल्या. तरीही बघणारे समोरच्या निळ्या-सोनेरी फौजेपाशी रेंगाळतात आणि माझ्या फौजेवरून नजर फिरवून पुढे जातात. सरदाराचा धाक वाटावा आणि ‘ही फौज आपली असती तर’ असे प्रतिस्पर्ध्याला वाटावे, यासाठी काय करावे?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आपल्या सरदाराला आपण मान दिलेला नाही, ही खरी अडचण आहे. काळा रंग, रक्त आणि कवट्या यांतून ‘हा दुष्ट आहे’ एवढेच कळते. तो कोण आहे, किती मोठा आहे आणि इतके सैनिक त्याच्यामागे का गेले असतील, याचा त्यांतून काहीच बोध होत नाही. शत्रूच्या नजरेने रंगवलेला खलनायक हमखास किरकोळ दिसतो, कारण तो तसा दिसावा अशीच शत्रूची इच्छा असते. त्याच्या स्वतःच्या नजरेत मात्र तो राजा असतो, आपल्यावर अन्याय झाला अशी त्याची खात्री असते आणि आपले चिलखत तो निगुतीने सांभाळतो. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळातील केऑस स्पेस मरीन हे मूळचे सम्राटाचेच निवडक योद्धे असून पुढे ते बंड करून उठले. असे लोक जुना दिमाख टाकून देत नाहीत, उलट त्यात भर घालतात. सरदाराच्या अंगावरील प्रत्येक वस्तू त्याने स्वतः निवडली आहे असे समजून रंग ठरवलेत, तर निम्मे काम तेथेच होईल.

मराठवाड्यातील माणसाला याचा धडा घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात, म्हणजे राष्ट्रकूटांच्या काळात आठव्या शतकात खोदलेल्या सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात, कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचे शिल्प आहे. वर शिव-पार्वती आहेत, पार्वतीने घाबरून शिवाचा आधार घेतला आहे आणि खाली पर्वताच्या पोटात बसलेला रावण आपल्या अनेक हातांनी तो डोंगर उचलू पाहतो आहे. कथेप्रमाणे शिव पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबणार आणि रावण हरणार, हे बघणाऱ्याला ठाऊक असते. तरीही शिल्पकाराने त्याला खुजा केलेला नाही. त्याची आकृती मागच्या दगडापासून जवळजवळ सुटी करून खोल पोकळीत कोरली आहे, त्यामुळे तिच्याभोवती दाट अंधार साचतो आणि हातांचा पसारा त्या अंधारातून बाहेर येतो. धाक आहे तो अंगाच्या वजनाचा आणि सावलीचा.

दगडात आपोआप मिळणारी ही सावली २८ मिमीच्या मिनिएचरवर पडत नाही. खोलीतील दिव्याचा उजेड एवढ्याशा आकृतीवर सगळीकडून सारखाच पसरतो आणि कोरीव काम सपाट दिसू लागते, म्हणून सावली रंगानेच निर्माण करावी लागते. प्रथम सर्व मिनिएचरवर काळा प्रायमर (रंगाआधी द्यावयाचा पायाभूत थर) द्यावा आणि तो वाळल्यावर वरच्या बाजूने, थोड्या तिरप्या दिशेने, पांढऱ्या किंवा फिकट करड्या प्रायमरचा हलका फवारा मारावा. कपाळ, खांदे, छाती आणि गुडघे उजळ होतात, तर हनुवटीखाली, काखेत आणि झग्याच्या आत काळे तसेच राहते. यावर पातळ केलेले रंग चढवले की खालचा उजेड-अंधार झिरपून वर दिसतो. एरवी केवळ छाया-प्रकाशासाठी बराच वेळ लागला असता, तो वाचतो.

आता काळ्या रंगाविषयी. निव्वळ काळ्या रंगाने झाकलेल्या चिलखतावर डोळ्याला कोठेच थांबता येत नाही, आणि आपल्या फौजेवरून नजर घसरते ती यामुळेच. काळा रंग फक्त खाचांसाठी ठेवावा. चिलखताचा मुख्य रंग काळ्यात थोडा गडद निळा किंवा हिरवट निळा मिसळून तयार करावा आणि वरच्या कडांवर निळसर करड्या रंगाची अगदी बारीक रेघ ओढावी. हे बिदरी कामात उत्तम दिसते. लातूर-नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या बिदरला बहुतांश जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूची भांडी घडवतात, त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि मग किल्ल्यातील मातीच्या लेपाने भांड्याचा पृष्ठभाग काळा करतात. चांदी तशीच राहते, धातू काळा होतो. काळा मंद आणि विस्तीर्ण, चांदी थोडी आणि धारदार, हे प्रमाण आपल्या सरदाराच्या चिलखतासाठी जसेच्या तसे उचलावे. आपल्याला काळ्या चिलखताला सोनेरी किनार असलेली ‘वॉरहॅमर’मधील ब्लॅक लीजन ही फौज आवडत असेल, तर सोनेरी किनारीवर तपकिरी वॉश (खाचांत साचणारा अगदी पातळ रंग) देऊन मग फक्त कोपऱ्यांवर फिकट सोनेरी लावावे; डबीतून काढलेले सोनेरी तसेच ठेवले तर ते खेळण्यातल्यासारखे दिसते.

भडक रंग एकच असावा आणि तो चेहऱ्याच्या जवळपास असावा. डोळे, छातीवरील रत्न किंवा झग्याचे अस्तर यांपैकी एक जागा निवडून तेथे लाल द्यावा, आणि तो दुसरीकडे कोठेही येऊ देऊ नये. झग्यासाठी पैठणीतील धूपछाव ध्यानात ठेवावी, जिच्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्याने कापड हलले की रंग पालटतो. जांभळ्या झग्याच्या घड्यांमध्ये काळा भरण्याऐवजी गडद निळा भरावा आणि उंचवट्यावर पांढऱ्याऐवजी गुलाबीकडे झुकणारा रंग न्यावा. त्याच झग्याची किंमत एकदम वाढल्यासारखी वाटते. शेवटी संपूर्ण मिनिएचरवर मॅट वॉर्निश द्यावे आणि त्यानंतर फक्त रत्न, डोळे आणि पाते यांवर ब्रशने चकाकीचे वॉर्निश लावावे.

उभे राहण्याच्या ढबीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. ओरडणारे तोंड आणि डोक्यावर उगारलेले शस्त्र हे शिपायाला शोभते. ज्याच्या शब्दावर इतर मरतात तो ओरडत नाही. डोके वेगळ्या तुकड्यात येत असेल तर चिकटवण्यापूर्वी मानेचा खालचा भाग किंचित घासून हनुवटी जराशी खाली आणि नजर समोरच्या खेळाडूकडे राहील असे बसवावे. शस्त्राचा हात खाली आणावयाचा असल्यास जोडावर १ मिमीचे छिद्र पाडून त्यात पितळी तारेचा तुकडा बसवावा, म्हणजे सांधा मजबूत राहतो.

कवट्यांविषयी माझे मत थोडे कडक आहे : एक असली तर तिच्यामागे कथा असते, दहा असल्या तर तो खडी टाकल्याचा प्रकार होतो. रक्त लावायचेच असेल तर पात्याच्या टोकाला, लालमध्ये थोडा तपकिरी मिसळून लावावे. झग्यावर ते अजिबात नको, कारण हा मनुष्य झगा स्वच्छ ठेवणारा आहे.

प्रश्न : सरदार मनासारखा रंगवला, परंतु त्याच्यामागे पन्नास सैनिक उभे करावयाचे आहेत. सर्वांना एवढा वेळ देणे नोकरी सांभाळून शक्य नाही. काय सोडावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : सैनिकांवर सरदाराइतके कष्ट घेतले तर सरदारच झाकला जाईल, त्यामुळे येथे सोडणे हेच योग्य आहे. खेळताना फौज साधारण हातभर ते मीटरभर अंतरावरून पाहिली जाते आणि त्या अंतरावर डोके, खांदे, शस्त्र आणि बेस एवढेच वाचता येते. वर सांगितल्याप्रमाणे दुहेरी प्रायमर, त्यावर दोन किंवा तीन सपाट रंग, मग गडद वॉश आणि शेवटी वरच्या भागावर हलका ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासलेला रंग), इतके शिपायाला पुरे. सरदारासाठी राखून ठेवलेला लाल मात्र शिपायांना देऊ नये. हवा असल्यास झेंडा धरणाऱ्याला थोडा द्यावा, म्हणजे नजर झेंड्यावरून सरदाराकडे सरकते.

सज्जनांची फौज निरनिराळ्या तऱ्हांनी उभी केलेली शोभते, परंतु दुष्टांच्या फौजेला एकसारखेपणा शोभतो. भाले एकाच कोनात, चेहरे शिरस्त्राणाआड आणि पावले एका ओळीत असतील, तर पन्नास साधे सैनिकही मिळून जड वाटतात. बेसच्या कडा सर्वांच्या एकाच रंगाच्या असाव्यात. बेसचे साहित्य तर आपल्या पायाखालीच आहे. काळ्या बेसाल्टची बारीक खडी चाळून, धुऊन आणि वाळवून घ्यावी. २५ किंवा ३२ मिमीच्या बेसवर तिचा एक टोकदार तुकडा उभा केला की तो कड्यासारखा दिसतो. काळी माती वापरण्याचा मोह होईल, कारण ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि या मापात त्या भेगा फार सुंदर दिसतात. मात्र ती तशीच ठेवल्यास पापुद्रे सुटतात. म्हणून भेगा पडल्यावर पाण्याने पातळ केलेला पांढरा फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडावा आणि पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा.

प्रश्न : मे महिन्यात गच्चीवर स्प्रे प्रायमर मारला तर मिनिएचर सँडपेपरसारखे खरखरीत झाले, आणि पावसाळ्यात वॉर्निश दिले तर सगळ्यावर पांढुरकी झाक आली. दोष डब्याचा आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दोष बहुधा हवेचा आहे. पारा चाळिशीपार गेला की फवाऱ्यातील थेंब मिनिएचरपर्यंत पोहोचण्याआधीच अर्धे वाळतात आणि धुळीसारखे चिकटतात. उन्हाळ्यात हे काम पहाटे सावलीत करावे, डबा नीट हलवून २० ते ३० सेंटीमीटरवरून आणि थांबून थांबून पातळ थर द्यावेत. पावसाळ्यात हवेतील ओलावा वॉर्निशमध्ये अडकून ते दुधाळ होते. एकामागून एक कोरडे दिवस मिळाले नाहीत तर स्प्रेचा नाद सोडून ब्रशने लावायचे वॉर्निश घ्यावे. पांढुरकी झाक आलेल्या मिनिएचरवर चकाकीच्या वॉर्निशचा एक पातळ हात दिल्यास ती बऱ्याचदा नाहीशी होते. त्यानंतर कोरड्या दिवशी पुन्हा मॅट द्यावे.

उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग ताटलीत पाहता पाहता वाळतात आणि काळ्या चिलखताच्या कडा रंगवताना याचा फार त्रास होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा कागद अंथरावा आणि रंग त्यावर काढावेत. रेझिनची किंवा थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकची काढलेली मिनिएचर दुपारी बंद मोटारीत मात्र ठेवू नयेत. पीएलए सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि रेझिनचे भाले त्याआधीच वाकतात. वाकलेला भाला गरम पाण्यात धरून सरळ करता येतो व लगेच थंड पाण्यात बुडवला की तसाच राहतो, पण रंग देण्यापूर्वीच हे करून घ्यावे.

प्रश्न : सरदार उठून दिसावा म्हणून त्याला उंच खडकावर उभे केले. मित्र म्हणतात की ही लबाडी आहे. खरेच आहे का?
— एक वाचक, बीड

उत्तर : काही अंशी आहे. अनेक खेळांत एक मिनिएचर दुसऱ्याला पाहू शकते की नाही हे प्रत्यक्ष मिनिएचरच्या जागेवरून बघून ठरवतात. त्यामुळे उंच केलेला सरदार भिंतीवरून पलीकडचे पाहतो, तसाच तो पलीकडच्यांनाही दिसतो आणि बाण खातो. बेसचा व्यास नियमाप्रमाणेच ठेवावा. खडक सरदाराच्या गुडघ्याहून उंच नसावा आणि खेळ सुरू होण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला तो दाखवून त्याची संमती घ्यावी. याहून उंच खडक हवाच असेल तर तो वेगळा करून त्यावर सरदाराला लोहचुंबकाने बसवावे. खेळताना खाली उतरवावा आणि कपाटात ठेवताना पुन्हा वर चढवावा.