बटरफ्लाय शिकणाऱ्या धाकट्या भावाला

भाऊ, मळ्यातल्या विहिरीत अन् तापीत पोहून तुझा दम तयार झालाय, पण बटरफ्लाय ही पोहण्याची शैली नुसत्या खांद्यांवर होत नाही. हातांच्या एका फेरीला पायांचे दोन फटके: पहिला फटका हात पाण्यात शिरताना, दुसरा ते बाहेर पडताना. श्वास घेताना हनुवटी पाण्यालगतच ठेव. डोकं उंच काढलंस की कंबर बुडालीच.

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्सचं बघ. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकला, १५ व्या वर्षी, २०० मीटर बटरफ्लायमध्ये पाचवा. २००८ ला बीजिंगमध्ये गॉगलमध्ये पाणी भरलं, तर हाताच्या फेऱ्या मोजत भिंत गाठली, तीही विश्वविक्रमासह! लंडनला ०.०५ सेकंदाने हुकलेलं सुवर्ण रिओत ३१ व्या वर्षी परत मिळवलं. मला मात्र ते पाचवं स्थानच फार मोलाचं वाटतं.

तूही उद्यापासून फेऱ्या मोज. जळगावचं ऊन तापायच्या आत, पहाटेच ये.