ओव्हरवॉचने बॅटलबॉर्नची कॉपी मारली का?

प्रश्न: दादा, मी इंदूरचा, रामबागेत राहतो. माझं आणि मावसभावाचं एकाच गोष्टीवरून वाजतं, तो म्हणतो बॅटलबॉर्न आधी आला म्हणजे ओव्हरवॉचवाल्यांनीच कॉपी मारली. मग आधी आलेलाच का बुडाला? आणि असे दोन सारखे गेम एकदम आले तर घ्यायचा कुठला?

उत्तर: कॉपी नाही रे. बॅटलबॉर्न आधी आला हे भावाचं खरं, ३ मे २०१६ ला, आणि ओव्हरवॉच २४ मेला, पण तीन आठवड्यात एवढा मोठा गेम कोण बनवणार, दोन्ही तर २०१४ मध्येच जाहीर झाले होते आणि ओव्हरवॉच, तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या टायटन नावाच्या गुंडाळलेल्या प्रोजेक्टमधून निघाला होता. खेळायलाही वेगळे होते. बॅटलबॉर्नमध्ये स्टोरी मिशन होती, मॅच चालू असताना लेव्हल वाढवायची, सोबत छोटे रोबो चालायचे, आणि ओव्हरवॉच म्हणजे तेव्हा सरळ सहा विरुद्ध सहा. पण लोकांनी ट्रेलर बघितले, रंगीबेरंगी कॅरेक्टर, प्रत्येकाची वेगळी पॉवर, झालं, एकच समजून बसले. त्यात ब्लिझार्डने ५ मेपासून ओव्हरवॉचचा ओपन बीटा, म्हणजे रिलीजच्या आधीचं चाचणी व्हर्जन, सगळ्यांना फुकट खेळायला दिला, म्हणजे बॅटलबॉर्न विकायला लागून दोनच दिवस झाले होते! माझ्या मते खेळ तिथेच खल्लास झाला.

सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या कीसाचे दोन ठेले शेजारी लागले तरी दोघांचंही खपतं, पण ऑनलाइन गेमला समोर माणसं लागतात, मित्र जिकडे गेले तिकडे आपण जातो आणि मागे राहिलेल्याला मॅचच मिळत नाही, मग तोही सोडतो. ३१ जानेवारी २०२१ ला बॅटलबॉर्नचे सर्व्हर, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते कंपनीचे कॉम्प्युटर, बंद झाले आणि त्याची स्टोरीसुद्धा सर्व्हरवरच चालायची, त्यामुळे पैसे मोजून घेतलेला गेम एकट्यालाही खेळता येईना. मला याचा खरंच राग येतो, स्टोरी तरी ऑफलाइन ठेवायची होती.

एकट्याने खेळायच्या गेमचं असं होत नाही. २००९ मध्ये इन्फेमस २६ मेला आला, प्रोटोटाइप ९ जूनला, दोन्हीत शहरभर उड्या मारणारा पॉवरवाला हिरो, केवढी तुलना झाली, पण दोघांचेही पुढचे भाग निघाले. टायटनफॉल २ चं मात्र वाईट वाटतं, इतका भारी गेम २८ ऑक्टोबर २०१६ ला आला, आठवडाभर आधी बॅटलफील्ड १ आणि आठवड्याने कॉल ऑफ ड्यूटी, तेही शूटिंगचेच, मध्ये हा चिरडला, आणि बॅटलफील्ड तर त्यांच्याच ईए कंपनीचा!

भावाला कॉपीचंच बोलायचं असेल तर फोर्टनाइटचं बोल म्हणावं. पबजी हिट झाल्यावर फोर्टनाइटवाल्या एपिक कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये आपल्या गेमला तोच शंभर जणांचा मोड जोडला, शेवटी उरेल तो जिंकतो तसला, तोही फुकट, आणि पबजी ज्या अनरियल इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, बनला ते इंजिनही एपिकचंच. पबजीवाले कोरियात कोर्टात गेले, मग २०१८ मध्ये केस मागे घेतली. तरी फोर्टनाइटमधलं खेळताना भिंती-जिने बांधायचं ते बांधकाम त्यांचं स्वतःचं होतं, हे मी मानतो.

घ्यायचं म्हणशील तर ऑनलाइन गेम तुझी गँग खेळते तोच घे, रिव्ह्यू दुसऱ्याचा चांगला असला तरी. स्टोरीवाला असेल तर आवडेल तो घे, दुसरा पुढच्या सेलमध्ये स्वस्तात मिळेल. फक्त नेटशिवाय चालतो का, ते आधी बघून घे.