ब्रिटिश नागरिकत्व आणि इंग्रजीचा पुरावा: एक पत्र

चि. सौ. हिस,
अनेक आशीर्वाद.

इंग्रजीच्या परीक्षेची तारीख कुठे लवकर मिळेल, असं तू विचारलं आहेस. तारीख घेऊ नकोस. निदान स्वतःसाठी तरी नको. तुम्हा दोघांचे अर्ज एकाच आठवड्यात जाणार असले, तरी या बाबतीत तुझं प्रकरण वेगळं आणि तुझ्या नवऱ्याचं वेगळं.

आधी नियम सांगतो. ब्रिटनचं नागरिकत्व मागणाऱ्या १८ ते ६४ वयाच्या माणसाला बी१ पातळीचं (ए१, ए२च्या वरची पायरी) इंग्रजी दाखवावं लागतं, तेही फक्त बोलण्याचं आणि ऐकण्याचं. लिहिणं-वाचणं यात धरत नाहीत. पासष्ट पूर्ण झालेल्यांना सूट आहे, आणि दीर्घकालीन शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे ज्यांना हे खरोखर शक्य नाही त्यांना. तुमच्या ओळखीत कुणी चौसष्ट वर्षं आणि दहा महिन्यांचे असतील, तर त्यांनी दोन महिने थांबावं. वय मोजतात ते अर्जाच्या दिवशीचं.

आता तुझं. तुला आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाला तेव्हा तुझं आयईएल्ट्स या इंग्रजी परीक्षेचं प्रमाणपत्र होम ऑफिसने (ब्रिटिश गृहखात्याने) मान्य केलेलं आहे. त्या प्रमाणपत्राची दोन वर्षांची मुदत संपली म्हणून तू घाबरली आहेस. कायम वास्तव्याच्या वेळी मान्य झालेला बी१ किंवा त्यावरचा पुरावा नागरिकत्वासाठी मुदत उलटल्यावरही चालतो. ती परीक्षा आजच्या मान्य यादीत नसली तरीही चालतो. तेव्हा ते जुनं प्रमाणपत्र शोधून काढ, त्यावरचा क्रमांक नीट वाचता येतो का ते बघ, आणि परीक्षेचे पैसे वाचव. मात्र जोडीदार व्हिसावर आलेल्या तुझ्या मैत्रिणीला हे जसंच्या तसं सांगू नकोस. त्या वाटेवर पहिल्या व्हिसाला ए१, मुदतवाढीला ए२ आणि कायम वास्तव्याला बी१ अशा तीन पायऱ्या आहेत. ए२चं प्रमाणपत्र कितीही ताजं असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात त्याला किंमत नाही.

'लाइफ इन द यूके' ही ब्रिटनमधल्या जीवनाविषयीची परीक्षा पास झालो म्हणजे इंग्रजी सिद्ध झालं, असंही पुष्कळजण धरून चालतात. २८ ऑक्टोबर २०१३ पासून या दोन स्वतंत्र अटी आहेत. त्या परीक्षेत ४५ मिनिटांत २४ प्रश्न असतात, १८ बरोबर यावे लागतात, आणि नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तिचा निकाल कधी शिळा होत नाही, म्हणून तुझा जुना चालेल. तुझ्या नवऱ्याला मात्र तीही द्यावी लागेल.

त्याचं कारण त्याच्या 'सेटल्ड स्टेटस'मध्ये, म्हणजे युरोपीय नागरिकांना मिळालेल्या कायम वास्तव्यात, आहे. ब्रेक्झिटनंतरच्या योजनेत पोर्तुगीज पासपोर्टवर त्याला कायम वास्तव्य मिळालं, तेव्हा ना इंग्रजी विचारलं, ना लाइफ इन द यूके. स्विंडनमधली कितीतरी गोवेकर कुटुंबं याच जागी अडकतात. वर्षानुवर्षं इथे काम केलं, इंग्रजीत पगार घेतला, मुलं इथल्या शाळेत शिकली, पण फाइलमध्ये इंग्रजीचा एकही कागद नाही. पासपोर्टच्या देशावरून सूट मिळते ती इंग्रजीभाषक देशांच्या ठरलेल्या यादीवरून. त्या यादीत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जमैका आहेत, युरोपातलं माल्टा आहे. पोर्तुगाल नाही, भारतही नाही.

मग त्याच्यापुढे दोन रस्ते उरतात, पदवी किंवा परीक्षा. पदवी ब्रिटिश विद्यापीठाची असती तर नुसतं प्रमाणपत्र पुरलं असतं. त्याचं बी.कॉम. गोव्याचं, म्हणून एक्टिस या संस्थेकडून (पूर्वीचं यूके नॅरिक) दोन दाखले घ्यावे लागतील. ही पदवी ब्रिटिश बॅचलर्स किंवा त्यावरच्या पातळीची आहे, हे पहिला दाखला सांगतो. शिक्षण इंग्रजीत झालं, हे दुसरा. कॉलेजच्या प्राचार्यांनी दिलेलं 'माध्यम इंग्रजी होते' हे पत्र थेट होम ऑफिसला पाठवून भागत नाही. त्यातून आपल्याकडच्या तीन वर्षांच्या पदवीचं मूल्यांकन ब्रिटिश बॅचलर्सइतकं येईलच, असं धरून चालू नये. शिवाय प्रमाणपत्रावरचं नाव आणि पोर्तुगीज पासपोर्टवरचं नाव यांच्या स्पेलिंगमध्ये फरक असला, तर त्याचा खुलासा कागदपत्रांनिशी करत बसावं लागेल. माझं स्पष्ट मत सांगतो, त्याने परीक्षा द्यावी. ती लवकर उरकते, आणि प्रमाणपत्रावर आजच्या पासपोर्टवरचं नाव येतं.

परीक्षा 'सेल्ट'च्या (होम ऑफिसने मान्य केलेल्या इंग्रजी परीक्षांच्या) यादीतली, मान्य केंद्रावरचीच हवी. बोलणं-ऐकणं एवढंच तपासणाऱ्या बी१च्या परीक्षांमध्ये ट्रिनिटी कॉलेज लंडन या संस्थेची जीईएसई ग्रेड ५ आणि आयईएल्ट्स लाइफ स्किल्स बी१ या दोन जास्त चालतात. लाइफ स्किल्स २२ मिनिटांची, सोबत दुसरा उमेदवार असतो आणि त्याच्याशीही बोलायचं असतं. ग्रेड ५ दहा मिनिटांची, समोर एकटा परीक्षक. अनोळखी जोडीदारामुळे बुजणाऱ्याने ग्रेड ५ घ्यावी. फक्त बुकिंग करताना डोळ्यांत तेल घालून बघा. ट्रिनिटी हीच ग्रेड ५ सेल्टबाहेरही घेते, आणि ती साधी ग्रेड ५ अर्जाला चालत नाही. ग्रेड २ आणि ३ या ए१, ए२च्या परीक्षा, त्याही नकोत.

दहा मिनिटांतली पहिली पाच तुमच्या आवडीच्या विषयाची. एका फॉर्मवर त्या विषयाचे पाच मुद्दे लिहून न्यायचे, परीक्षक त्यावर विचारत जातो. उरलेली पाच मिनिटं परीक्षकाने निवडलेल्या दोन विषयांची. ते विषय सण, प्रवासाची साधनं, खास प्रसंग, करमणूक, संगीत आणि अलीकडचे स्वतःचे अनुभव यांतून येतात. गणेशोत्सव हा पहिल्या भागाचा विषय करू नका. परीक्षकाने पुढे सणच निवडले तर सांगायला काही उरणार नाही. त्यापेक्षा तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला कढीपत्ता घ्या. मुद्दा पहिला: रोप कुठून आणलं. दुसरा: किती वर्षं सांभाळलं. तिसरा: हिवाळ्यात पानं का गळतात. चौथा: कुठल्या पदार्थात ताजा आवडतो, कुठल्यात सुकवलेला. पाचवा: उन्हाळ्यात मोठ्या कुंडीत लावणार.

हे पाच मुद्दे असेच का? या पातळीवर परीक्षक जे व्याकरण ऐकायला बसतो ते त्यांत आपोआप येतं. किती काळ चाललंय ते सांगणं, कारण देणं, आवडनिवड सांगणं, पुढचं सांगणं. आपली मराठी माणसं घसरतात ती दुसऱ्या मुद्द्याला. 'मी इथे सात वर्षांपासून राहतोय' हे डोक्यात तयार होतं आणि तोंडातून येतं, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स सेव्हन इयर्स.' हवं ते असं: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर सेव्हन इयर्स.' काळाची लांबी सांगायची तर 'फॉर', सुरुवातीचं साल सांगायचं तर 'सिन्स'. 'काल', 'गेल्या वर्षी' असे शब्द आले की 'हॅव' गाळायचं. 'आय हॅव बॉट इट लास्ट इयर' चूक, 'आय बॉट इट लास्ट इयर' बरोबर. हे रोज दहा वाक्यं मोठ्याने बोलून पक्कं होतं. नुसतं वाचून होत नाही.

पाठ केलेलं भाषण मात्र नको. परीक्षक मध्येच तोडतो, तिसऱ्या मुद्द्यावरून पहिल्यावर येतो, आणि पाठांतरवाला तिथेच गडबडतो. उमेदवाराने परीक्षकालाही किमान एक प्रश्न विचारायचा असतो. 'डू यू ग्रो एनीथिंग ॲट होम?' एवढाही पुरे. ऐकू आलं नाही तर पुन्हा सांगायची विनंती करावी, त्यात कमीपणा नाही. हो-नाही अशा एका शब्दाच्या उत्तरांनी मात्र परीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही.

केंद्रावर मूळ पासपोर्ट लागतो, बुकिंगच्या वेळी नोंदवलेला तोच. बुकिंगमध्ये नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर भरायचं, वडिलांचं नाव तिथे असेल तर तेही. 'परीक्षेला न बसता प्रमाणपत्र' देणारा एजंट भेटला तर फोन ठेवून द्या. २०१४ मध्ये टोइक या इंग्रजी परीक्षेतले गैरप्रकार उघडकीला आले, तेव्हा हजारोंचे व्हिसा गेले आणि आपण प्रामाणिकपणे परीक्षा दिली असं सांगणारेही वर्षानुवर्षं कोर्टात झगडत राहिले. नागरिकत्वात तर चांगल्या चारित्र्याची वेगळी अट आहे. फसवणूक सापडली की ती अट मोडली. आणि अर्ज नाकारला गेला की शुल्कही गेलं.

होम ऑफिसने मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठी इंग्रजीची पातळी बी२ करायचं सुचवलं आहे. म्हणून बुकिंगच्या दिवशी गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावरचं नागरिकत्वाचं पान पुन्हा एकदा वाचा, दुसऱ्या कुणाच्या अर्जावरून ठरवू नका.

त्याला आज रात्रीच पाच मुद्दे कागदावर लिहायला सांग. लिहून झाले की पाठव, मी वाचून कळवतो.